स्टेट मशीनच्या आधारे सुरक्षित प्रोटोकॉल कसा आखावा: शेतपंपाच्या मोबाईल स्टार्टरचे उदाहरण

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरता शिकलेला असतो. यंत्राच्या प्रत्येक अवस्थेसाठी एक वर्तुळ काढायचे, एका अवस्थेतून दुसरीत नेणारे बाण जोडायचे, स्वीकारार्ह अवस्थेला दुहेरी वर्तुळ द्यायचे आणि निकाल लागला की वही रद्दीत टाकायची, असा तो शिरस्ता आहे. मीही तेच केले होते. पुढे नोकरीत शेतपंपाच्या मोबाईल स्टार्टरचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणात बसवलेला प्रोग्राम, लिहिण्याचे काम आले आणि पहिल्याच आवृत्तीत आमचा प्रोटोकॉल, म्हणजे दोन उपकरणांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम, एका सहकाऱ्याने तासाभरात मोडून दाखवला, तेव्हा ती वर्तुळे पुन्हा शोधावी लागली. एन्क्रिप्शनची पद्धत निवडण्यात आमची चूक झाली नव्हती. चूक होती ती ‘हा संदेश या क्षणी आला तर काय करायचे’ हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, ही. त्या प्रश्नाचे उत्तर शिस्तीने कसे लिहून काढावे, हे या लेखात सांगितले आहे.

उदाहरण तेच घेऊ. थ्री-फेज वीज पाळीपाळीने, अनेकदा रात्री मिळते, म्हणून शेतकरी घरूनच मोबाईलवरून मोटर चालू किंवा बंद करतो. मोबाईल आणि विहिरीजवळचा स्टार्टर यांच्यात चार संदेश जातात: मोबाईलकडून ‘विनंती’, स्टार्टरकडून ‘आव्हान’, मोबाईलकडून ‘आदेश’ आणि स्टार्टरकडून ‘पोच’. दोघांकडे एकच गुप्त किल्ली आहे. विनंतीत मोबाईलने निवडलेली यादृच्छिक संख्या असते, आव्हानात स्टार्टरने निवडलेली, आणि चारही संदेशांना त्या किल्लीने काढलेली एचमॅक मुद्रा असते, म्हणजे किल्ली असलेल्यालाच काढता येणारी खूण.

१. आधी काय हाताशी हवे

कागद, पेन्सिल आणि खोडरबर ही खरी हत्यारे आहेत, आणि पहिले दोन-तीन दिवस संगणक उघडला नाही तरी चालते. त्यानंतर पुढील गोष्टी लागतील:

- स्पिन हे मॉडेल तपासण्याचे मोफत साधन. ते बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी घडवले आणि त्याची मॉडेल लिहिण्याची भाषा प्रोमेला या नावाने ओळखली जाते.
- सी भाषेचा कोणताही कंपायलर, कारण स्पिन तुमच्या मॉडेलवरून सी भाषेतला तपासणी प्रोग्राम तयार करून देतो.
- लर्नलिब ही जावामधली लायब्ररी. तिचे काम अगदी शेवटच्या पायरीत येते.
- नमुना म्हणून वाचायला दोन दस्तऐवज: इंटरनेटवर माहिती पोचवणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलची सध्याची व्याख्या असलेला आरएफसी (इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) ९२९३, ज्यातील प्रसिद्ध आकृतीत ११ अवस्था आहेत, आणि वेबवरचे संभाषण सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.३ चा आरएफसी ८४४६, ज्याच्या ‘अ’ परिशिष्टात क्लायंट आणि सर्व्हर यांची स्टेट मशीन स्वतंत्रपणे काढून दिली आहेत.
- तुमच्या हार्डवेअरची माहितीपुस्तिका, विशेषतः रीसेट झाल्यावर कोणती मेमरी टिकते आणि यादृच्छिक संख्या कोठून येतात, ही पाने.

२. वर्णमाला निश्चित करा

ऑटोमेटाच्या, म्हणजे स्टेट मशीनच्या, व्याख्येत अवस्थांच्या बरोबरीने येते ती इनपुटची वर्णमाला. नवखे लोक तिच्यात फक्त संदेश घालतात. वास्तविक यंत्राची अवस्था बदलू शकणारी प्रत्येक घटना त्यात हवी. स्टार्टरची वर्णमाला आम्ही आठ चिन्हांची धरली: विनंती, खरा आदेश, खोटा आदेश, पोच, ओळखू न येणारा संदेश, मुदत संपणे, वीज जाऊन परत येणे, आणि मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेने ‘मोटर चालू झाली’ किंवा ‘बंद झाली’ असा दिलेला संकेत. बनावट मुद्रेची विनंती आम्ही ओळखू न येणाऱ्या संदेशांतच धरली.

यातल्या दोन चिन्हांवर सगळे अडखळतात. पोच हा संदेश स्टार्टर स्वतः पाठवतो, मग तो त्याच्याकडे येईलच कशाला, असे वाटते. हल्लेखोराला काहीही पाठवता येते, म्हणून तो येतो. दुसरे म्हणजे वीज जाणे. शेतकऱ्याच्या भाषेत ‘लाईट गेली’ ही अपवादाची नव्हे, रोजची घटना आहे, आणि ती वर्णमालेत नसेल तर तुमचा स्टार्टर दिवसातून कितीतरी वेळा आकृतीबाहेर जातो.

कच्च्या बाइट्सपासून या चिन्हांपर्यंत नेणारा भाग म्हणजे पार्सर, आणि तोही एक ऑटोमेटाच आहे. संदेशाची रचना शक्य तितकी साधी, ठरावीक लांबीची ठेवा, म्हणजे सांत (मर्यादित संख्येच्या) अवस्थांच्या यंत्राने ती ओळखता येते. ‘पुढे किती बाइट आहेत’ हे संदेशातच सांगणारे रकाने आले की पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा मोह सुरू होतो. २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड दोषात ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीने समोरच्याने सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुराशी ताडून पाहिली नव्हती, आणि त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर जात होता.

३. अवस्था मोजक्या ठेवा

स्टार्टरसाठी तीन अवस्था पुरतात. ‘निवांत’ म्हणजे कोणतीही विनंती चालू नाही. ‘प्रतीक्षा’ म्हणजे आव्हान पाठवले आहे, आदेशाची वाट पाहत आहोत. ‘अंमल’ म्हणजे आदेश खरा ठरला, रिलेला सांगितले, अजून संकेत आलेला नाही. मोबाईलच्या बाजूची आकृती वेगळी काढा. दोन्ही बाजू एकाच आकृतीत कोंबण्याची सवय घातक असते, कारण प्रत्यक्षात एक बाजू पुढे गेली आहे हे दुसरीला ठाऊक नसते आणि नेमक्या त्याच फटीत हल्लेखोर शिरतो.

मोटर चालू आहे की बंद, ही प्रोटोकॉलची अवस्था नव्हे. ती वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर तीनच्या सहा अवस्था होतील आणि हाती काहीच लागणार नाही.

४. संपूर्ण सारणी भरा

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. तीन अवस्था आणि आठ चिन्हे, म्हणजे २४ रकाने. साहेबांना दाखवण्यासाठी काढलेल्या आकृतीत यातले तीनच असतात: निवांत असताना विनंती, प्रतीक्षेत खरा आदेश आणि अंमलात रिलेचा संकेत. उरलेले २१ रकाने कोणीच भरले नाहीत, तर ते शेवटी प्रोग्रामर अनवधानाने भरतो. निश्चित ऑटोमेटाच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येत संक्रमण फलन (कोणत्या अवस्थेत काय आले की कोठे जायचे, हा नियम) प्रत्येक अवस्था आणि प्रत्येक चिन्ह यांच्या जोडीसाठी दिलेले असावे लागते. परीक्षेत ती अट आपण ‘डेड स्टेट’ काढून भागवत होतो, पण प्रोटोकॉलमध्ये सुरक्षितता त्या अटीवरच उभी असते.

अनभिज्ञपणे भरलेल्या एका रकान्याची किंमत २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिसली. दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या लिबएसएसएच या लायब्ररीच्या सर्व्हरला क्लायंटने ओळख पटवण्याची विनंती न पाठवता थेट ‘ओळख पटली’ हा संदेश पाठवला, तर सर्व्हर ते खरे मानून त्याला आत घेत असे. हा संदेश एरवी सर्व्हरनेच क्लायंटला पाठवायचा असतो. आमच्या सारणीत हा ‘पोच’चा स्तंभ आहे, आणि त्यातल्या तिन्ही रकान्यांत आम्ही लिहिले: दुर्लक्ष करा, नोंद ठेवा, अवस्था बदलू नका.

काही रकान्यांचा निर्णय मात्र सोपा नसतो. आम्ही ज्यांवर अडलो ते रकाने असे:

प्रतीक्षेत खोटा आदेश. पहिला विचार असा येतो की मुद्रा जुळली नाही तर सत्र मोडावे. तसे केल्यास हल्लेखोर नुसता कचरा पाठवून मालकाचे प्रत्येक सत्र मोडू शकतो. मुद्रा पुरेशी लांब असेल तर काही सेकंदांत ती अंदाजाने जुळवणे शक्य नसते, म्हणून प्रतीक्षेतच राहणे योग्य. ‘तीन चुका झाल्या की कुलूप’ हा नियमही याच कारणासाठी टाळा. त्याने चोर बाहेर राहतोच असे नाही, पण मालक नक्की राहतो.

प्रतीक्षेत दुसरी विनंती. जुने सत्र टाकून नव्याला आव्हान दिले, तर जुनी मुद्रित विनंती पुन्हा पाठवून कोणीही मालकाला अडवू शकतो. दुर्लक्ष केले, तर त्याच जुन्या विनंतीने आधी जागा अडवता येते, पण मुदत संपेपर्यंतच. आम्ही दुर्लक्ष निवडले आणि मुदत दहा सेकंदांची ठेवली. दोन्ही पर्यायांत किल्लीशिवाय मोटर हलत नाही, हे महत्त्वाचे.

अंमलात तोच खरा आदेश पुन्हा. नेटवर्क अशक्त असते, पोच लवकर येत नाही, मोबाईल आदेश परत पाठवतो. येथे पुन्हा अंमलबजावणी करू नका. वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ मधला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला क्रॅक हल्ला अशाच रकान्यातून आला: हस्तांदोलनातला (जोडणी सुरू करतानाच्या संदेशांच्या देवाणघेवाणीतला) तिसरा संदेश पुन्हा आला की उपकरण तीच किल्ली पुन्हा बसवत असे आणि त्याबरोबर पॅकेटचा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायची संख्या, मूळ किमतीवर जात असे. याच कारणाने आदेश ‘स्थिती उलटी करा’ असा कधीही ठेवू नका. ‘चालू करा’ आणि ‘बंद करा’ असेच ठेवा, म्हणजे तो चुकून दोनदा अमलात आला तरी परिणाम एकच राहतो.

प्रतीक्षेत रिलेचा संकेत. कोणी आदेश दिलेला नसताना मोटर कशी चालू झाली? आम्ही हा हल्ला समजून मोटर बंद करणार होतो. मग एका शेतकऱ्याने सांगितले की सालगडी विहिरीवर असला तर तो हिरवे बटण हातानेच दाबतो. फक्त नोंद घ्या, असे आम्ही त्या रकान्यात लिहिले.

अंमलात मुदत संपणे. एखादा फेज नसेल तर मोटर उचलतच नाही. तेव्हा अपयशाची पोच पाठवून निवांत व्हा. हा रकाना रिकामा राहिला तर स्टार्टर अंमलात कायमचा अडकतो आणि कोणाला तरी रात्री बॅटरी घेऊन शेतात जावे लागते.

वीज जाऊन परत येणे. तिन्ही अवस्थांतून निवांत, आणि जुने आव्हान पुसून टाका. कागदावर हे इतके निरुपद्रवी दिसते की आम्ही त्यावर दोन मिनिटेही घालवली नव्हती. याच रकान्याने आम्हाला तोंडघशी पाडले, पण ते सातव्या पायरीत.

५. हल्लेखोरालाही एक यंत्र समजा

डॅनी डोलेव्ह आणि अँड्र्यू याओ यांनी १९८३ मध्ये मांडलेले गृहीतक आजही पायाभूत मानले जाते: सगळे नेटवर्क हल्लेखोराच्या ताब्यात आहे. तो संदेश ऐकतो, अडवतो, साठवतो, उशिरा सोडतो, आपल्याला माहीत असलेल्या तुकड्यांतून नवे संदेश बनवतो, मात्र किल्लीशिवाय मुद्रा काढू शकत नाही. हे तुमच्या मॉडेलमधले तिसरे यंत्र.

त्यात एक गोष्ट विसरू नका: हल्लेखोर हा तुमचा ग्राहकही असू शकतो. नीडहॅम आणि श्रोडर यांचा सार्वजनिक किल्लीवरचा प्रोटोकॉल १९७८ चा. गॅव्हिन लो यांनी त्यातला हल्ला १९९५ मध्ये दाखवला, म्हणजे मध्ये १७ वर्षे गेली. त्या हल्ल्यात प्रामाणिक व्यक्ती एका अप्रामाणिक सदस्याशी रीतसर सत्र सुरू करते आणि तो सदस्य तिसऱ्याशी बोलताना त्या व्यक्तीचे सोंग घेतो. एकच सत्र आणि बाहेरचा हल्लेखोर असे मॉडेल केले तर हा हल्ला दिसतच नाही. म्हणून किमान दोन सत्रे एकाच वेळी चालवा आणि हल्लेखोराला त्याचा स्वतःचा स्टार्टर विकत घेऊ द्या. सर्व उपकरणांत कारखान्यातून एकच किल्ली भरून पाठवण्याचा बेत असेल, तर तो या पायरीवरच उघडा पडतो. मुद्रेत किल्लीबरोबर संदेशाचा प्रकार, उपकरणाचा क्रमांक आणि दोन्ही यादृच्छिक संख्या आल्या पाहिजेत, हेही येथेच कळते, कारण प्रकार वगळला की एका बाजूचा संदेश तिच्याकडेच परत फिरवता येतो.

६. काय घडू नये ते लिहा आणि स्पिनला शोधू द्या

गुणधर्म दोन जातींचे असतात. ‘मोबाईलने या आव्हानाला उत्तर म्हणून आदेश दिलेला नसताना स्टार्टर कधीही अंमलात जात नाही’ हा पहिल्या जातीचा: वाईट काही घडत नाही. ‘विनंती स्वीकारलेला स्टार्टर केव्हा ना केव्हा निवांत होतोच’ हा दुसऱ्या जातीचा: चांगले शेवटी घडते. दोन्ही हवेत. केवळ पहिला लिहिला तर कधीच काही न करणारा स्टार्टरही उत्तीर्ण होतो.

प्रोमेलामध्ये मोबाईल, स्टार्टर आणि हल्लेखोर अशा प्रत्येकासाठी एक प्रक्रिया लिहा आणि त्यांना वाहिन्यांनी जोडा. गुणधर्म काल-तर्काच्या (‘कधीही’, ‘केव्हा ना केव्हा’ असे मांडू देणाऱ्या तर्काच्या) सूत्रात लिहिला की स्पिन त्याचा नकार घेतो, त्यातून अनंत लांबीचे शब्द ओळखणारा ब्यूखी ऑटोमेटा तयार करतो आणि तुमच्या यंत्रांच्या गुणाकाराशी ताडून दोघांना मान्य असलेली धाव शोधतो. अशी धाव सापडली तर तोच तुमच्या प्रोटोकॉलवरचा हल्ला, पायरीपायरीने लिहिलेला. तो कागदावर बाणांनी काढून पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका.

वाहिनीची क्षमता एक-दोन संदेशांची ठेवा. अमर्याद रांगांनी जोडलेल्या सांत यंत्रांबाबत कोंडीसारखे (सगळे एकमेकांची वाट पाहत अडकतील का, असे) प्रश्नही सर्वसाधारणपणे अनिर्णेय, म्हणजे कोणत्याही एका पद्धतीने नेहमी न सुटणारे, असतात, आणि लहान क्षमतेतही अवस्थांचा गुणाकार भराभर वाढतो. मेमरी संपू लागली की संदेशांतील अनावश्यक तपशील आधी काढा, हल्लेखोराची ताकद शेवटपर्यंत कमी करू नका.

७. मॉडेलबाहेर काय राहिले ते लिहून ठेवा

आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक आव्हान नवे असते, असे गृहीत धरले होते. स्पिनने एकही दोष दाखवला नाही. मग पहिली आवृत्ती मोडणाऱ्या त्याच सहकाऱ्याने एक चालू सत्र ध्वनिमुद्रित करावे तसे टिपून ठेवले, स्टार्टरची वीज काढून परत दिली, टिपलेली विनंती ठरावीक क्षणी पाठवली आणि तेच आव्हान परत मिळवले. यादृच्छिक संख्यांची सुरुवात आम्ही उपकरण चालू झाल्यापासूनच्या वेळेवर बेतली होती. जुना आदेश जसाच्या तसा पाठवल्यावर मोटर चालू झाली. आता वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत एक गणक आहे, तो प्रत्येक सुरुवातीला एकाने वाढतो, आणि आव्हान त्या गणकासह त्याच सुरुवातीतल्या विनंतीच्या क्रमांकावरून किल्लीने काढले जाते.

क्रॅकची कथाही याच प्रकारची. डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनाची गणिती सिद्धता आधीपासून होती. किल्ली नेमकी केव्हा बसवायची, हे त्या मॉडेलमध्ये नव्हते. म्हणून सारणीच्या मागच्या पानावर गृहीतके लिहा आणि प्रत्येकापुढे ते पाळण्याची जबाबदारी असलेल्या माणसाचे नाव लिहा.

आणखी एक मर्यादा तत्त्वाचीच आहे. सत्रांची संख्या अमर्याद धरली तर गुप्ततेचा प्रश्न सर्वसाधारणपणे अनिर्णेय ठरतो. स्पिन दोन-तीन सत्रांपुरतेच बोलतो. त्यापलीकडे जायचे तर प्रोव्हेरिफ किंवा टॅमरिन ही साधने आहेत. ती प्रत्येक वेळी उत्तर देतीलच असे नाही, पण देतात तेव्हा ते अमर्याद सत्रांसाठी असते. पहिल्याच प्रकल्पात त्यांच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

८. कोड सारणीवरूनच लिहा

‘ओळख पटली का’, ‘आव्हान दिले का’ अशी सुटी बूलियन (हो किंवा नाही सांगणारी) चले कोडभर पसरू देऊ नका. अशी पाच चले म्हणजे ३२ अवस्था, आणि त्यातल्या तीनच तुम्ही तपासल्या आहेत. अवस्थेसाठी एकच चल ठेवा, संक्रमणांसाठी एकच सारणी ठेवा, आणि न लिहिलेल्या रकान्याचा अर्थ नेहमी ‘नकार’ असाच असू द्या. २०१४ च्या जूनमध्ये ओपनएसएसएलमध्ये उघड झालेल्या एका दोषात ‘येथून पुढे एन्क्रिप्शन’ असे सांगणारा संदेश किल्ली ठरण्याआधीच स्वीकारला जात होता. तो संदेश कोणत्या अवस्थेत मान्य आहे, ही एक ओळ तेथे नव्हती.

९. तयार उपकरणाकडून त्याचे यंत्र काढून घ्या

कोड सारणीप्रमाणेच वागतो की नाही, हे बाहेरून तपासता येते. डेना अँग्लुइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली एल-स्टार ही पद्धत केवळ प्रश्न विचारून अज्ञात सांत यंत्र शोधून काढते, आणि लर्नलिब तिच्या सुधारित आवृत्त्या वापरते. २०१५ मध्ये योरी द राउटर आणि एरिक पॉल यांनी टीएलएसच्या अनेक अंमलबजावण्यांची यंत्रे याच मार्गाने काढली आणि काहींमध्ये सुरक्षेचे नवे दोष दाखवले.

यासाठी मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम लागतो, जो ‘खरा आदेश’ या चिन्हाचे मुद्रेसह खरे बाइट्स करतो. मुदत संपणे या चिन्हासाठी प्रत्यक्ष थांबावे लागते आणि वीज जाणे या चिन्हासाठी रिले जोडून प्रत्यक्ष वीज तोडावी लागते, त्यामुळे एक फेरी आमच्याकडे रात्रभर चालली. प्रत्येक प्रश्नाआधी उपकरण पूर्ण रीसेट झाले आहे याची खात्री करा, नाहीतर शिकणारा प्रोग्राम परस्परविरोधी उत्तरांनी गोंधळून थांबतो.

सकाळी पाहिले तर सारणीत तीन अवस्था होत्या आणि शिकलेल्या यंत्रात चार. चौथी अवस्था प्रतीक्षेसारखीच होती, फक्त तिच्यात खरा आदेशही नाकारला जात होता, आणि तिच्यात जाण्याचा मार्ग होता प्रतीक्षेत आलेली दुसरी विनंती. पार्सर त्या विनंतीतली संख्या सारणी पाहण्याआधीच जुन्या संख्येच्या जागी लिहून टाकत होता. सारणी ‘दुर्लक्ष’ म्हणत होती, पण तोवर पहिल्या सत्राची संख्या गेलेली असे आणि मालकाच्या आदेशाची मुद्रा जुळत नसे. दुरुस्ती एका ओळीची होती: संख्या साठवण्याचे काम पार्सरमधून काढून ‘निवांत, विनंती’ या रकान्यात नेले. त्या रात्री पुन्हा फेरी लावली आणि सकाळी तीन अवस्था आल्या.